कातडीवरचे फोड, पोटातला गहू आणि मधली चिठ्ठी

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. राजांचा नाही, लढायांचा नाही. एका खाजेचा इतिहास. ही खाज कुठून येते हे कळायला जगभरच्या शहाण्या डॉक्टरांना ऐंशी वर्षं लागली. ती का लागली, हे नीट ऐकलं तर आपल्या गावातल्या एखाद्या बाईची दहा वर्षं वाचू शकतात. म्हणून हा विषय.

आधी आजार कसा असतो ते सांगते. दोन्ही कोपरांवर, दोन्ही गुडघ्यांवर, ढुंगणावर, पाठीवर, कधी मानेमागे केसांच्या कडेला बारीक बारीक फोड येतात. एकेकटे नाही, घोळक्याने येतात. उजव्या कोपरावर आले की डाव्यावरही येतात. फोड येण्याआधी त्या जागी आग होते, मग खाज सुटते. खाज अशी की रात्री झोप लागत नाही. माणूस खाजवून खाजवून फोड फोडून टाकतो. सकाळी दवाखान्यात जावं तर दाखवायला फोड उरलेलाच नसतो. उरतात नुसत्या खपल्या, ओरखडे आणि काळे डाग.

मग काय होतं? घरातली म्हातारी म्हणते, अंगात उष्णता आहे. शेजारीण म्हणते, खरूज आहे, सगळ्यांचे कपडे उकळा. कोणी कडुनिंबाचा पाला सांगतं, कोणी नागीण म्हणून गेरू लावतं. दवाखान्यात खरजेचं मलम मिळतं, ते संपलं की इसबाचं मिळतं. यात कोणाची चूक काढायची नाही. आपल्याकडे अंगाला खाज सुटली तर बहुतेक वेळा ती खरूज, गजकर्ण किंवा इसबच असते. पण खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी नीट लावलं, बाकी सगळे बरे झाले आणि एकीचीच खाज वर्षानुवर्षं जात नाही, तेव्हा विचार करायला हवा. त्या थोड्या जणींमधल्या काहींना हा आजार असतो. त्याचं नाव लांबलचक आहे, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. आपण त्याला गव्हामुळे येणारे फोड म्हणू.

हो, गव्हामुळे. आणि गोष्ट सुरू होते ती इथेच, कारण हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. तिथे लुई डुरिंग नावाचे कातडीच्या रोगांचे डॉक्टर होते. १८८४ साली त्यांनी एक लेख छापला. तोवर अशा फोडांना कोणी एक नाव देई, कोणी दुसरं. डुरिंग म्हणाले, हे वेगवेगळे रोग नाहीत, हा एकच रोग आहे आणि त्याला त्याचं स्वतःचं नाव हवं. फोड घोळक्याने येतात आणि नागिणीसारखे दिसतात, म्हणून नावात नागिणीचा शब्द आला. नागिणीला इंग्रजीत हर्पिस म्हणतात. हर्पेटिफॉर्मिस म्हणजे नागिणीसारखा दिसणारा. दिसायला तसा, पण नागीण नाही. नागीण विषाणूमुळे होते, इथे विषाणूचा काही संबंध नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. नवऱ्याला लागत नाही, लेकराला दूध पाजल्याने लागत नाही, एका पातेल्यातलं जेवल्याने लागत नाही. नावामुळे मात्र आजही घोटाळा होतो. कागदावर हर्पिससारखा शब्द दिसला की लोक दचकतात.

डुरिंग यांनी कातडी फार बारकाईने पाहिली. पण ते कातडीचे डॉक्टर होते. रोगी काय खातो, त्याचं पोट कसं आहे, हे त्यांच्या खोलीबाहेरचं होतं.

आता दुसरी खोली पाहू. लंडनमध्ये सॅम्युअल गी नावाचे डॉक्टर होते. लहान मुलांच्या रुग्णालयात काम करत. १८८७ साली त्यांनी एक व्याख्यान दिलं, ते १८८८ साली छापून आलं. त्यात त्यांनी अशा मुलांचं वर्णन केलं की ज्यांना सतत जुलाब होतात, शी फिकट, पातळ आणि घाण वासाची होते, पोट फुगतं, हातपाय काटकुळे होतात आणि वाढ खुंटते. या आजाराला आज सीलिॲक म्हणतात. पोट या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. गी यांनी एक गोष्ट अगदी बरोबर ओळखली. हा रोग बरा होणार असेल तर तो खाण्यापिण्याच्या बदलानेच होईल, असं त्यांनी सांगितलं. पण कोणतं खाणं बदलायचं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी भात बंद करायला सांगितला आणि पातळ कापून भाजलेला पाव चालेल म्हटलं. म्हणजे निर्दोष धान्य ताटातून काढलं आणि दोषी धान्य ठेवलं. त्यांच्या एका छोट्या रोग्याला मात्र रोज भरपूर तिसऱ्यांसारखे समुद्रातले शिंपले दिले, तर ते लेकरू चांगलं बाळसं धरू लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडलं. उत्तर समोर येऊन गेलं होतं, ओळखू आलं नाही इतकंच.

डुरिंग यांचा लेख १८८४ चा आणि गी यांचा १८८८ चा. अवघं चार वर्षांचं अंतर. दोघांनी एकाच झाडाची दोन टोकं धरली होती. एकाच्या हातात फांदी होती, दुसऱ्याच्या हातात मूळ. पण कातडीचे रोगी एका दारातून आत जात आणि पोटाचे दुसऱ्या दारातून. या खोलीतून त्या खोलीत चिठ्ठी जायला अजून जवळजवळ ऐंशी वर्षं होती.

मधल्या काळात काय झालं ते सांगते, कारण त्यात एका आईचा वाटा आहे.

नेदरलँड्स म्हणजे हॉलंड देशात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात सीलिॲकची लेकरं त्यांच्याकडे येत. डिके यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी अशी गोष्ट नोंदवली आहे की एका तरुण आईने त्यांना सांगितलं, माझ्या लेकराचा पाव बंद केला की त्याच्या अंगावरचं पुरळ लवकर कमी होतं. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ते मुलांच्या खाण्यातून गहू काढून बघू लागले, आणि १९४१ साली त्यांनी याबद्दल लिहिलंसुद्धा.

मग दुसऱ्या महायुद्धातला शेवटचा हिवाळा आला, १९४४-४५ चा. जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद शिजवून खाल्ले. वीस हजारांच्या आसपास माणसं भुकेने आणि थंडीने गेली. त्या काळाला तिथले लोक आजही भुकेचा हिवाळा म्हणतात. पाव मिळेनासा झाला आणि मुलांच्या रुग्णालयात उलटंच दिसलं. सगळा गाव उपाशी असताना सीलिॲकची मुलं मात्र सावरत होती. युद्ध संपलं, पाव परत आला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांच्या मनात आधीपासून जो संशय होता तो पक्का झाला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध उट्रेख्त विद्यापीठात सादर केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गव्हातला पिठूळ भाग निर्दोष असतो. खोड असते ती चिकट भागात. कणीक मळून ती पाण्याखाली धुवत राहिलं, तर पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो चिवटपणा म्हणजे ग्लुटेन. पोळी लाटताना तुटत नाही, शेवई ओढली की लांब होते, ती त्याच्याच जोरावर. गव्हात तो असतो, जवात असतो, राय नावाच्या परदेशी धान्यात असतो.

आणखी एका बाईंचं नाव घ्यायला हवं. मार्गोट शायनर. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये डॉक्टरकी केलेल्या. १९५६ साली त्यांनी एक नळी तयार केली. तोंडातून आत सोडायची आणि लहान आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढून आणायचा. त्याआधी जिवंत माणसाचं आतडं पाहायचं तर पोट फाडावं लागे. या नळीमुळे सीलिॲकच्या रोग्याचं आतडं पाहता येऊ लागलं. निरोगी आतड्याला आतून टॉवेलसारखी लव असते, त्या लवेने अन्नरस शोषला जातो. या रोग्यांची लव झिजून आतडं सपाट झालेलं असतं. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं?

म्हणजे १९६० पर्यंत पोटाच्या खोलीत उत्तर सापडलं होतं. कातडीच्या खोलीत मात्र वेगळंच काही चाललं होतं, आणि तिथे आपल्या मुलखाचा संबंध येतो.

डॅप्सोन नावाचं एक औषध आहे. १९०८ साली ते जर्मनीत रंगाच्या रसायनांचा अभ्यास करताना तयार झालं आणि पडून राहिलं. पुढे १९४० च्या दशकात ते कुष्ठरोगावर चालतं असं दिसलं. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन यांनी ते कुष्ठरोग्यांना दिलं आणि त्यातून त्याचा वापर वाढला. आपल्याकडे वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. गावोगाव जाऊन रोगी शोधायचे, लोकांना समजावून सांगायचं आणि डॅप्सोनच्या गोळ्या द्यायच्या, असं काम तिथून उभं राहिलं. विदर्भातल्या ज्येष्ठ बायांना त्या गोळ्यांची आठवण असेल. आजही कुष्ठरोगाच्या पाकिटात इतर औषधांबरोबर डॅप्सोन असतं.

हेच डॅप्सोन गव्हामुळे येणाऱ्या फोडांवरही चालतं, हे १९५० च्या दशकात कातडीच्या डॉक्टरांना कळलं. त्याआधी १९४० साली न्यूयॉर्कमध्ये त्याच जातकुळीतलं एक औषध वापरून पाहिलं होतं. गोळी सुरू केली की दोन-तीन दिवसांत खाज थांबते. वर्षानुवर्षं न झोपलेला माणूस झोपतो. रोग्याला आणि डॉक्टरलाही वाटतं की जिंकलो. पण गोळी बंद केली की थोड्याच दिवसांत फोड परत येतात. कारण गोळी कातडीवरची आग विझवते, चुलीत लाकूड घालणारा हात थांबवत नाही. आतडं तसंच झिजत राहतं.

इथे दोन गोष्टी मनात पक्क्या करा. पहिली, कोणाला डॅप्सोन मिळालं म्हणजे तिला कुष्ठरोग झाला असं नाही. एकच औषध दोन वेगळ्या रोगांवर चालतं, एवढंच. गोळीचं नाव वाचून सुनेला माहेरी पाठवण्याची वेळ येऊ नये. खरं तर कुष्ठरोग असला तरी कोणाला घराबाहेर काढायचं कारण नाही, तो आज औषधाने पूर्ण बरा होतो. दुसरी गोष्ट, डॅप्सोन मनाने घ्यायचं औषध नाही. काहींच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो, त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा माणसाला डॅप्सोन दिलं तर रक्तातल्या लाल पेशी भराभर फुटतात. म्हणून आधी रक्ततपासणी आणि औषध चालू असताना पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन पाहणं गरजेचं आहे. आपल्या बायांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं.

आता चिठ्ठी कशी गेली ते ऐका.

इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल शहर आहे. तिथे जॅनेट मार्क्स या कातडीच्या डॉक्टर आणि त्यांचे सहकारी सॅम शुस्टर यांना एक प्रश्न पडला होता. कातडीच्या रोग्यांचं आतडं कसं असतं? कोणी असं विचारत नसे. कातडी बाहेर, आतडं आत, संबंध काय? पण त्यांनी पाहायचं ठरवलं. डुरिंग यांनी नाव दिलेल्या या रोगाचे बारा रोगी घेतले आणि त्यांच्या लहान आतड्याचे तुकडे तपासले. बारापैकी नऊ जणांच्या आतड्यात बिघाड सापडला, आणि तो सीलिॲकसारखा होता. हे १९६६ साली छापून आलं. १८८४ पासून मोजा, ब्याऐंशी वर्षं झाली होती.

इतका उशीर का झाला? एक मोठं कारण असं की या रोग्यांपैकी पुष्कळांचं पोट दुखतच नाही. जुलाब नाहीत, पोट फुगत नाही. आतडं झिजलेलं असतं पण कुरकुर करत नाही. तक्रार करते ती कातडी. त्यामुळे रोगी कातडीच्या दारात उभा राहतो, आणि कातडीच्या डॉक्टरला पोटाबद्दल विचारायचं सुचत नाही. न्यूकॅसलला ते सुचलं. तिथे काही मोठं यंत्र लागलं नाही. आतड्याचा तुकडा काढायची सोय दहा वर्षं आधीपासून होती. लागलं ते इतकंच, की एका खोलीतल्या माणसाने दुसऱ्या खोलीतल्या तपासणीचा विचार करावा.

पुढचं भराभर झालं. लंडनमध्ये लायोनेल फ्राय आणि त्यांच्या सोबत्यांनी या रोग्यांचा गहू बंद केला. १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७३ मध्ये त्यांनी आपले अनुभव छापले. आतड्याची लव परत येऊ लागली आणि कातडीही सुधारली. पण कातडीला वेळ लागला. महिने लागले, कोणाला दोन वर्षंही. डॅप्सोन हळूहळू कमी करत नेता आलं आणि कित्येकांचं बंद झालं. म्हणून गहू सोडून पंधरा दिवस झाले तरी खाज जात नाही, म्हणजे हे सगळं खोटं, असं कोणी म्हणू नये. गोळीचं काम दिवसांत मोजतात, पथ्याचं महिन्यांत.

१९६९ साली पुन्हा नेदरलँड्समधूनच, व्हॅन डर मेअर नावाच्या डॉक्टरांनी रोग ओळखायची खूण सांगितली. आपलं शरीर रोगजंतूंशी लढायला रक्तात एक प्रकारचे शिपाई तयार करतं, त्यांना अँटीबॉडी म्हणतात. या रोगात ग्लुटेनमुळे हे शिपाई बिथरतात आणि आपल्याच शरीरातल्या एका पदार्थावर चालून जातात. तो पदार्थ कोणता, हे जर्मनीत १९९७ साली कळलं. त्याचाच एक भाऊबंद कातडीत असतो, हे २००२ साली कळलं. म्हणजे भांडण आतड्यात सुरू होतं आणि शिपाई जाऊन बसतात कातडीत. ते कातडीत दाणेदार रांगेने बसलेले दिसतात, आणि गंमत म्हणजे फोडात नाही तर फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत ते जास्त स्पष्ट दिसतात. रोगाची खात्री आजही त्याच तपासणीने करतात.

आता आपल्याकडे येऊ. हा आजार आपल्या भागात फार नाही. गहू हेच रोजचं अन्न असलेल्या उत्तर भारतात सीलिॲक जास्त सापडतो. आपल्या आज्यांच्या काळी ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी हेच जेवण होतं. गव्हाची पोळी सणाला आणि पाहुण्याला. पुढे रेशनवर गहू आला, डब्यात पोळी आली, दुकानात बिस्किट आणि पाव आला. आज गहू रोजचा झाला आहे. म्हणून आजार थोडा असला तरी माहीत असायला हवा.

आपल्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांनी हा रोग पाहताक्षणी ओळखावा, अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. मोठमोठ्या शहरांतही तो चुकतो. त्यांच्याकडून हवं आहे ते वेगळं. खरजेचे आणि इसबाचे उपचार नीट करून झाले, तरी खाज जात नाही, फोड दोन्ही बाजूंना सारखे येतात, असं दिसलं की पुढे पाठवायचं. त्यासाठी संदर्भ चिठ्ठी असते. गावाकडून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात, आणि तिथून गरज पडली तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात. चिठ्ठी मागताना संकोच करू नका. डॉक्टरांवर अविश्वास दाखवतो आहोत असं त्यात काही नाही. आत्ता ऐकलंत ना, हा रोग उलगडला तोच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाहिलं तेव्हा. चिठ्ठी लिहिणं म्हणजे डॉक्टरकीचंच काम आहे.

चिठ्ठी घेऊन जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. ऐकायला उलटं वाटेल. पण गहू सोडला की रक्तातल्या आणि आतड्यातल्या खुणा पुसल्या जाऊ शकतात. मग तपासणीत काही नाही असं येतं आणि बाई पुन्हा पहिल्या पायरीवर येते. आधी तपासणी, मग पथ्य.

दोन, फोड ताजे असतील तेव्हा जा, किंवा कोणाच्या मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवा. खपली पाहून ओळखणं अवघड जातं.

तीन, कातडीचा तुकडा काढतात त्याला बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून तुकडा काढतात, मोठं दुखत नाही. या रोगाचा संशय असेल तर दोन तुकडे लागतात, एक फोडाचा आणि एक शेजारच्या चांगल्या कातडीचा. दुसरा तुकडा नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये टाकला तर ती खास तपासणी होत नाही, त्याला वेगळं द्रव्य लागतं. ही सोय सगळीकडे नसते, म्हणूनच तज्ज्ञाकडे जायचं. त्याबरोबर रक्ताची अँटीबॉडीची तपासणीही होते.

चार, रोग ठरला की कातडीच्या डॉक्टरांना विचारा, माझं पोट कोण पाहील? रक्त कमी असणं, हाडं ठिसूळ होणं, हे झिजलेल्या आतड्याचे परिणाम असतात. सख्खी भावंडं आणि लेकरं यांचीही तपासणी करून घ्यावी का, तेही विचारा. हा रोग लागत नाही, पण घराण्यात असू शकतो.

पथ्याचं म्हणाल तर आपलं नशीब चांगलं. हॉलंडच्या त्या आईला पावाऐवजी काय द्यायचं याची चिंता होती. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, मका, सगळ्या डाळी आणि कडधान्यं आहेत. यात ग्लुटेन नाही. आजीचं ताट हेच औषध. पण गहू लपूनही येतो. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई हे सगळे गव्हाचेच. खपली गहू गुणाचा म्हणतात, तोही गहूच, तोही चालत नाही. सातूच्या पिठात, मेतकुटात, थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू असतो. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तोच हिंग पापडात आणि लोणच्यात जातो. आणि सगळ्यांत मोठी चोरवाट म्हणजे गिरणी. आधी कोणाचा गहू दळला आणि मागोमाग आपली ज्वारी टाकली, तर पहिल्या पिठात गहू उतरतोच. अशा घराने ज्वारी घरी जात्यावर किंवा वेगळ्या घरघंटीवर दळावी, तेही गहू न दळलेल्या.

ज्या बचत गट पापड, शेवया, भाजणी विकतात त्यांना एक विनंती. पाकिटावर काय काय घातलं आहे ते खरं आणि पूर्ण लिहा. तुमच्या दृष्टीने तो चिमूटभर हिंग असतो, पण घेणारीच्या घरी तो कोणाची महिन्याभराची झोप घालवतो.

शेवटचं आणि जड बोलणं. हा आजार घरातल्या मुलाला झाला तर आई त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापते, वेगळं पातेलं ठेवते. कर्त्या पुरुषाला झाला तरी थापते. पण तिलाच झाला तर? ती सगळ्यांच्या पोळ्या लाटते, आणि शेवटी उरलेली पोळी खाऊन उठते. एकटीसाठी तवा कशाला तापवायचा, म्हणते. पथ्य मोडतं ते इथे. डॉक्टरांची चिठ्ठी जिल्ह्यापर्यंत नेते, पण ताटापर्यंत ती घरच्यांनीच पोचवावी लागते. सासूबाईंनी, नवऱ्याने, लेकीने म्हणायला हवं, आधी तुझी भाकरी होऊ दे.

पुढच्या बैठकीत गटात हा विषय काढा. आपल्यात कोण आहे जिची खाज वर्षानुवर्षं जात नाही, जी लाजून बाह्या खाली ओढून बसते, जिला लोक अस्वच्छ म्हणतात? तिला बोलतं करा. तिचे कोपर पाहा, गुडघे पाहा. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तिच्याबरोबर कोणीतरी आरोग्य केंद्रात जा आणि चिठ्ठी मागा.